मूळ फाइलीला हात नको: सफारीचे फोटो बॅचने सेव्ह करताना

हल्लीचा मिररलेस कॅमेरा सेकंदाला २० फ्रेम सहज घेतो. ताडोबात मोहर्लीच्या रस्त्यावर वाघीण समोरून चालत आली, गाइडच्या भाषेत 'हेड-ऑन' मिळाला आणि बटण १५ सेकंद दाबलेले राहिले, की ३०० फाइली तयार. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. म्हणजे त्या १५ सेकंदांनीच कार्डावरची आठेक जीबी जागा घेतली. सकाळ-दुपारच्या फेऱ्या, दोन-तीन दिवसांचा मुक्काम, त्यात पाणवठ्यावरची रानकुत्री आणि इरई जलाशयाच्या काठचे पक्षी धरले तर घरी पोचेपर्यंत काही हजार फाइली झालेल्या असतात. एवढे फोटो एकेक करून उघडणे, सुधारणे आणि सेव्ह करणे कोणालाच जमत नाही. म्हणून सगळे बॅचकडे वळतात: एकदा काय करायचे ते ठरवायचे आणि शेकडो फोटोंवर ते एका दमात करून घ्यायचे.

बॅच ही फार उपयोगी सोय आहे, आणि सर्वांत मोठे नुकसानही तिच्यातच होते. एका फोटोवर काम करताना चुकीच्या चौकटीत टिक राहिली तर एक फोटो जातो. तीच टिक बॅचमध्ये राहिली तर अख्खी सफारी जाते. यावर उपाय एकच, आणि तो सॉफ्टवेअर कोणतेही असले तरी बदलत नाही: कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलीवर कधीही सेव्ह करायचे नाही. जे काही सेव्ह करायचे ते नक्कल म्हणून, वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या नावाने.

रॉ फाइल म्हणजे सेन्सरने टिपलेली मूळ नोंद. ती बहुधा १२ किंवा १४ बिटची असते; १४ बिटमध्ये प्रत्येक बिंदूच्या उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या नोंदता येतात. जेपीजीत एका रंगाला मिळतात २५६. बांबूच्या सावलीत बसलेला वाघ उजळ करताना जेपीजीत काळपट भाग चिरफाळल्यासारखे दिसतात आणि रॉमध्ये त्याच जागी केस न् केस निघतो, याचे कारण हेच. शिवाय जेपीजी चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीक तपशील थोडा टाकून देते. उघडून, बदल करून पुन्हा सेव्ह केले की ही काटछाट पुन्हा होते. एकदोनदा डोळ्यांना कळत नाही. पाच-सहा वेळा झाले की मिशांच्या आणि पट्ट्यांच्या कडांभोवती घाण दिसू लागते, आणि ती काढता येत नाही. म्हणून कॅमेऱ्यात शक्य असेल तर रॉ चालू ठेवा. फक्त जेपीजी काढत असाल तर मूळ फाइलीची राखण दुप्पट करा, कारण रॉवर बहुतेक सॉफ्टवेअर मुळी लिहीतच नाहीत, जेपीजीवर मात्र बिनदिक्कत लिहितात.

वाघाच्या फोटोबाबत मूळ फाइल जपण्याला आणखी एक कारण आहे. वाघ ओळखला जातो तो पट्ट्यांवरून, आणि त्याच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. म्हणूनच गणनेच्या वेळी कॅमेरा ट्रॅप वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, जोडीने लावतात. आता एडिटिंगमध्ये काय होते पाहा. रचनेत वाघ डावीकडे बघत असता तर बरे, म्हणून कोणी फोटो आडवा उलटवतो. डावी कूस उजवी झाली, आणि जगात नसलेल्या पट्ट्यांचा एक वाघ तयार झाला. हे 'फ्लिप' बॅचच्या ॲक्शनमध्ये, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या पायऱ्यांत, नकळत शिरले तर सगळ्याच फोटोंतले वाघ खोटे. असा फोटो पुढे कोणी ओळख पटवायला घेतला तर तो माणूस तास न् तास चुकीच्या दिशेने शोधत राहील. वाघाचा फोटो उलटवूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

फाइलींच्या व्यवस्थेवर किती अवलंबून असते ते २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेवरून कळेल. त्या वेळी २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ छायाचित्रे जमली. त्यांत वाघांची होती ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७. बाकी सगळी चितळे, गवे, गुरे, माणसे आणि हललेले गवत. कॅमेरा ट्रॅपची जगातली सर्वांत मोठी पाहणी म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. फोटोंची प्राण्यांनुसार विभागणी करायला आणि पट्टे जुळवायला सॉफ्टवेअर होते. पण कुठल्या कॅमेऱ्याचा, कुठल्या तारखेचा, किती वाजताचा फोटो हे फाइलीसोबत नीट राहिले नसते तर कुठल्याही सॉफ्टवेअरचा उपयोग झाला नसता.

आपले काम त्यामानाने लहान, पण सुरुवात तिथूनच करायची: वेळेपासून. ताडोबाच्या सफारीत मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे जंगलात असताना वेळेची नोंद एकटा कॅमेरा करतो. निघण्याआधी खोलीवरच त्याचे घड्याळ तपासा. दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन यांत गल्लत झालेले कॅमेरे पुष्कळ असतात. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींनी मोबाईलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवा. पुढे फरक आढळला तर लाइटरूममध्ये 'एडिट कॅप्चर टाइम'ने सगळ्या फोटोंची वेळ एका फटक्यात सरकवता येते. घड्याळाचा तो फोटो नसेल तर किती सरकवायची याचा नुसता अंदाज उरतो.

त्यानंतर फाइलींची नावे. कॅमेऱ्याचा क्रमांक चार आकडी असतो. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. सेकंदाला २० फ्रेमच्या वेगाने ९९९९ फ्रेम संपायला बटण जेमतेम सव्वाआठ मिनिटे दाबावे लागते. म्हणजे एकाच मोसमात एकाच नावाच्या दोन-तीन फाइली होणारच. त्या एका फोल्डरमध्ये ओतताना विंडोज विचारते की जुनी बदलून नवी ठेवू का, आणि घाईत 'हो' म्हटले की जुनी गेली. यासाठी प्रत्येक फेरीचे वेगळे फोल्डर करा आणि उतरवून घेतानाच फाइलींची नावे बदलून घ्या: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गेट, मग सकाळ की दुपार, आणि शेवटी कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक. वर्ष आधी लिहिले की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. नाव रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहा, कारण स्पर्धांच्या आणि छापखान्यांच्या जुन्या यंत्रणा देवनागरी नावे नीट वाचत नाहीत. वाघिणीचे नाव, तलाव, सोबतचे बछडे हे सगळे फाइलीच्या नावात कोंबू नका. ते कीवर्डमध्ये लिहा, तिथे मराठी चालते.

नावे बदलायची ती पहिल्याच दिवशी, एडिटिंगला हात लावण्याआधी. यामागे कारण आहे. लाइटरूम, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर रॉ फाइलीला न शिवता तुम्ही केलेले बदल वेगळे लिहून ठेवतात. लाइटरूम कॅटलॉगमध्ये लिहिते, डार्कटेबल शेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल ठेवते, रॉथेरपी पीपी३ नावाची. ही जोडी नावावर जुळलेली असते. तुम्ही विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन रॉचे नाव बदलले किंवा ती दुसरीकडे हलवली, की जोडी तुटली. लाइटरूममध्ये फोटोवर उद्गारचिन्ह येते, डार्कटेबलमध्ये फोटो कोराच उघडतो, आणि तीन दिवसांचे काम पुसले गेले असे वाटून माणूस हादरतो. काम बहुधा शाबूत असते, फक्त पत्ता हरवलेला असतो. जुने नाव परत दिले किंवा लाइटरूमला नवी जागा दाखवली की ते परत मिळते. पण तशी वेळच येऊ नये म्हणून हलवाहलव नेहमी सॉफ्टवेअरच्या आतूनच करा.

निवड करताना कठोर व्हा. ३०० फ्रेममधल्या दहा ठेवण्यासारख्या असतात, त्यांतली एखादी खरोखर चांगली. मात्र नापसंत फोटो त्याच दिवशी डिस्कवरून उडवू नका. नुसती 'रिजेक्ट'ची खूण करा. थकलेल्या डोळ्यांनी केलेली निवड सकाळी बदलते, हा सगळ्यांचा अनुभव आहे. लाइटरूममध्ये रिजेक्ट केलेले फोटो काढताना दोन पर्याय समोर येतात, एक फक्त यादीतून काढण्याचा आणि दुसरा डिस्कवरून पुसण्याचा. ते शांतपणे वाचूनच बटण दाबा.

सुधारणांच्या बॅचला एकच कसोटी लावा: ज्या फोटोंचा उजेड एक, त्यांचीच बॅच. सकाळी साडेसहाची सोनेरी उन्हे आणि साडेनऊचा पांढरा उजेड यांना एकच व्हाइट बॅलन्स दिला तर एक वाघ पिवळाजर्द होतो आणि दुसरा निळसर. त्या ३०० फ्रेमच्या मालिकेला मात्र एका फोटोची एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि नॉइजची सेटिंग बेलाशक लावा. क्रॉप कधी लावू नका. वाघ चालत असतो, पहिल्या फोटोला नेमका बसलेला क्रॉप शंभराव्या फोटोत त्याचे शेपूट कापतो. डाग पुसण्याचेही तेच. सेन्सरवरच्या धुळीचा डाग प्रत्येक फ्रेममध्ये एकाच जागी असतो हे खरे, पण पहिल्या फोटोत जिथे आभाळ होते तिथे पन्नासाव्यात वाघाचा कान आलेला असू शकतो.

आता सेव्ह करण्याचे काम. फोटोशॉपमध्ये इथेच दोन सापळे आहेत, ते जवळून पाहू. 'फाइल'मधल्या 'ऑटोमेट'खाली 'बॅच' असते. तिच्या खिडकीत फोटो कुठे ठेवायचे याचे तीन पर्याय असतात. त्यांतला 'सेव्ह अँड क्लोज' निवडला तर जेपीजीच्या बाबतीत मूळ फाइलीवरच लिहिले जाते. तो पर्याय नाहीच असे समजा आणि 'फोल्डर' निवडून नवे, रिकामे फोल्डर दाखवा. दुसरा सापळा 'ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स' या चौकटीचा. तुम्ही ॲक्शन नोंदवताना एक फोटो 'सेव्ह ॲज' केला आणि नाव टाइप केले, तर ते नावही ॲक्शनमध्ये नोंदले जाते. चौकटीत टिक नसेल तर बॅचमधला प्रत्येक फोटो त्याच नावाने, आधीच्यावर सेव्ह होतो. चारशे फोटो दिले, अर्धा तास यंत्र चालले, आणि फोल्डरमध्ये एकच फाइल. उलट टिक केली पण ॲक्शनमध्ये 'सेव्ह ॲज'ची पायरीच नसली तर काहीच सेव्ह होत नाही. म्हणजे दोन्ही हवे: ॲक्शनमध्ये 'सेव्ह ॲज'ची पायरी आणि खिडकीत टिक.

एवढी कसरत नको असेल तर फोटोशॉपमध्येच 'स्क्रिप्ट्स'खाली 'इमेज प्रोसेसर' आहे. माझ्या मते बहुतेकांनी तेच वापरावे. फोल्डर दाखवा, कुठे ठेवायचे ते दाखवा, जेपीजीचा दर्जा आणि मापाची मर्यादा लिहा, रंग एसआरजीबीत बदलण्याची टिक करा, आणि सुरू करा. ते जेपीजी, पीएसडी आणि टिफ असे तिन्ही प्रकार एकाच वेळी वेगवेगळ्या उपफोल्डरमध्ये काढून देते.

लाइटरूममध्ये 'एक्स्पोर्ट' हीच बॅच. तिच्या खिडकीत सर्वांत महत्त्वाची ओळ 'एक्झिस्टिंग फाइल्स'ची: त्याच नावाची फाइल आधीच असेल तर काय करायचे. तिथे 'न विचारता त्यावर लिही' असा पर्याय असतो. तो कधीही ठेवू नका; 'नवे नाव दे' किंवा 'विचार' ठेवा. डार्कटेबलच्या एक्स्पोर्टमध्येही असाच प्रश्न असतो, तिथे नवे, वेगळे नाव देण्याचा पर्याय घ्या. पैसे न भरता काम करायचे असेल तर डार्कटेबल, रॉथेरपी आणि डिजीकॅम ही तिन्ही चांगली आहेत. डिजीकॅमचा बॅच क्यू मॅनेजर नावे बदलणे, आकार कमी करणे, वॉटरमार्क टाकणे अशी कामे एका रांगेत लावतो. नुसता आकारच कमी करायचा असेल तर इरफानव्ह्यू किंवा एक्सएनकन्व्हर्ट पुरते. मात्र ही दोन बिगर-व्यावसायिक वापरालाच फुकट आहेत. रिसॉर्ट किंवा होमस्टेच्या जाहिरातीसाठी वापरणाऱ्यांनी परवाना घ्यावा. जिम्पमध्ये 'सेव्ह' केले की त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल होते आणि जेपीजी हवी तर 'एक्स्पोर्ट' करावे लागते. नवख्यांना याचा त्रास वाटतो. मला ती फार शहाणी योजना वाटते, कारण मूळ जेपीजीवर चुकून लिहिले जाण्याची शक्यता ती पुष्कळ कमी करते.

सॉफ्टवेअर कुठलेही असो, चारशे फोटोंची बॅच सोडण्याआधी पाच फोटोंची चाचणी बॅच काढा. त्यांत एक उभा, एक आडवा, एक काळोखातला असू द्या. बाहेर आलेल्या फाइली उघडून माप, रंग, नाव आणि वॉटरमार्कची जागा पाहा, आणि मगच पूर्ण बॅच लावा.

मोहर्लीत किंवा आसपासच्या गावांत बसून हे करत असाल तर लाईन केव्हाही जाऊ शकते हे धरून चाला. बॅच चालू असताना बाहेरच्या हार्ड डिस्कवर थेट लिहू नका. आधी लॅपटॉपच्या डिस्कवर काढा, मग नक्कल करा. संपल्यावर निवडलेले फोटो किती आणि बाहेर आलेल्या फाइली किती, हे आकडे जुळवा. मग फाइली आकारानुसार लावून सर्वांत लहान चार-पाच उघडून पाहा. अर्धवट लिहिली गेलेली फाइल बहुधा तिथेच सापडते.

बाहेर काढायची मापे कामानुसार ठरवा आणि प्रत्येकाचा प्रीसेट करून ठेवा. मोबाईलवर बघायला लांब बाजू २०४८ बिंदू, दर्जा ८० च्या आसपास, रंग एसआरजीबी. १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला इंचाला ३०० बिंदूंच्या हिशेबाने ३६०० बाय ५४०० बिंदू लागतात, तेव्हा पूर्ण मापाची फाइल द्या. तिसरा प्रीसेट गाइड आणि ड्रायव्हरसाठी असावा. 'फोटो पाठवतो' असा शब्द देऊन पर्यटक निघून जातात आणि तो पाळला जात नाही. ज्यांनी प्राण्यांचा इशाऱ्याचा कॉल ऐकून गाडी नेमक्या ठिकाणी उभी केली त्यांच्याकडे त्या सायटिंगचा एकही धड फोटो नसतो. लांब बाजू ३००० बिंदू ठेवून निवडक दहा फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ते दाबले जात नाहीत.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बॅचमधून स्थळाची माहिती काढून टाका, ही विनंती नव्हे, आग्रह आहे. काही कॅमेऱ्यांत जीपीएस असते आणि फोटोच्या फाइलीत अक्षांश-रेखांश बसतात. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या 'पन्ना-२११' या कॉलर लावलेल्या वाघाची ठिकाणे ज्या ई-मेल खात्यात येत होती, त्यात शिरण्याचा प्रयत्न पुण्यातून झाला होता. तो वेळीच अडवला गेला. वाघाच्या जागेची माहिती कोणाला हवी असू शकते याची ही नोंदलेली घटना आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही जानेवारी २०२५ मध्ये राजुरा भागात वाघांच्या शिकाऱ्यांची टोळी पकडली गेली. लाइटरूमच्या एक्स्पोर्टमध्ये 'रिमूव्ह लोकेशन इन्फो'ची टिक असते, ती प्रीसेटमध्येच कायमची करून ठेवा. बछड्यांसह असलेल्या वाघिणीचा फोटो त्याच दिवशी पाणवठ्याच्या नावानिशी टाकू नका. मूळ फाइलीत मात्र वेळ-स्थळ राहू द्या.

साठवणीचा ३-२-१ हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. मुक्कामात तो असा पाळा: एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचे नाही. तिसरी प्रत चंद्रपूर, नागपूर किंवा तुमच्या गावी नातेवाइकांकडे. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद गाडीत डिस्क किंवा लॅपटॉप ठेवून जेवायला जाऊ नका. मंगळवारी ताडोबाचा कोअर भाग बंद असतो, तो दिवस नावे, निवड आणि नकला यांना द्या. १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यात कोअर बंद राहतो. त्या तीन महिन्यांत मागच्या मोसमाच्या डिस्क एकदा लावून फाइली उघडतात का ते तपासा.

आणि एक शेवटचे. एखाद्या फोटोत वाघाच्या गळ्यात फास, पायाला जखम किंवा लंगडणे दिसले तर ती फाइल एडिटिंगमध्ये घेऊच नका. क्रॉप नको, उजळणे नको, वॉटरमार्क नको. कॅमेऱ्यातून आली तशी, वेळेसकट, नक्कल करून त्याच दिवशी मोहर्लीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या, आणि ती दुसरीकडे कुठेही टाकू नका.